कारखान्यातील केबल कशी पारखावी?

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आले की आधी थान उलगडायला लावते. कापड बोटांत चोळून पाहते, उजेडासमोर धरते, सूत किती काउंटचे, पन्हा पुरा भरतो का, धुतल्यावर आटेल का, असे चार प्रश्न विचारते आणि मग मीटरभर कापड घेते. हेच गिऱ्हाईक कारखान्यासाठी वायर घ्यायला इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले की एकच प्रश्न विचारते, "बंडल कितीला?" वायरीवर काय छापले आहे, आत तांबे आहे की दुसरेच काही, मोटारीचा भार तिला झेपेल की नाही, याची चौकशी फार थोडे लोक करतात. मीही पुष्कळ वर्षे त्याच लोकांपैकी होतो, म्हणून हा लेख.

केळापूर तालुका कापसाचा. पांढरकवड्याहून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाने (पूर्वीचा क्रमांक ७, आताचा ४४) कापूस, सरकी आणि रुईच्या गाठी वाहून नेणाऱ्या गाड्या हंगामात सारख्या धावत असतात. या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, त्यांच्या सावलीत छोटे धंदे आहेत. आपल्या समाजातील पिंजारी बंधूंची पिंजण यंत्रे, गादी-रजईची दुकाने, शिलाईचे कारखाने, वेल्डिंगची दुकाने, आरा मशीन, पिठाच्या व मिरचीच्या गिरण्या. यांतील बहुतेक कामे टिनाच्या शेडखाली चालतात आणि निम्म्या ठिकाणी हवेत कापसाची किंवा लाकडाची धूळ असते. रुईचे तंतू वायरीवर, बोर्डावर, मोटारीच्या जाळीवर बसतात. एक ठिणगी किंवा तापलेला एक जोड त्यांना पुरतो.

१८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याचे मालक, त्यांच्या घरातील माणसे, एक लहान मूल आणि कामगार असे आठ जण त्यात गेले. घर व कारखाना एकाच ठिकाणी होते. शॉर्ट सर्किटने आग लागली असावी, असा पहिला अंदाज तेव्हा सांगण्यात आला. त्याआधी ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागात पिशव्या व तत्सम माल बनवणाऱ्या इमारतीत ४३ माणसे गेली. त्यांतले बरेचसे बाहेरगावचे कारागीर कामाच्या जागीच झोपलेले होते. तिथेही पहिला संशय विजेच्या जोडणीवरच गेला. आपल्याकडेही कितीतरी कारागीर मशीनशेजारी अंथरूण टाकून झोपतात.

वायर तापते कशी, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. तांब्यातून करंट वाहताना थोडी वीज उष्णतेत जाते. करंट दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट न होता चौपट होते. वायरीवरचे साधे पी.व्ही.सी. आवरण आतल्या धातूचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत सोसते. "एच.आर." म्हणजे उष्णतारोधक पी.व्ही.सी. ८५ अंशांपर्यंत आणि एक्स.एल.पी.ई. ९० अंशांपर्यंत. याच्या वर रोज थोडे थोडे तापत राहिले की आवरण कडक होते, तडकते, आणि एक दिवस फेज अर्थला किंवा न्यूट्रलला भेटते. या गोष्टीला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर वायर चालतच असते, म्हणून मालकाला वाटते की सर्व ठीक आहे.

माझेच उदाहरण देतो. दुकानामागच्या शेडमध्ये शाळेचे गणवेश शिवण्यासाठी मी आठ मशीन बसवल्या होत्या. वायर २.५ चौरस मिलिमीटरची म्हणून विकत घेतली, नेहमीच्या भावापेक्षा बरीच स्वस्त मिळाली, मनात खूशही झालो. दुकानाचे नाव घेण्याची गरज नाही. २०१४ च्या मे महिन्यात, जून उघडण्याआधीचा माल निघायचा म्हणून आठही मशीन आणि इस्त्री एकदम चालू होती. दुपारी एका कारागीर भगिनीने सांगितले, "चाचा, रबर जळाल्याचा वास येतोय." बोर्डाजवळची पट्टी हाताला चटका देत होती. मेन बंद करून वायर कापली आणि तारेवर ब्लेड घासले, तर वरचा तांबडा थर निघून आत पांढरा धातू दिसला. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होती. त्या दिवशी शेडमध्ये गणवेशाच्या कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते आणि आत नऊ माणसे होती.

मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, ती हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने जुम्म्याच्या बयानात ऐकली आहे. वर कोरडे, आत ओले. वायरीच्या धंद्यात तीच रास आता वर तांबे, आत ॲल्युमिनियम अशी लागते. पण खरे सांगायचे तर दोष त्या एकट्या विक्रेत्याचा नव्हता. आठ मोटारी आणि इस्त्री मिळून वीस अँपिअरच्या आसपास भार होता. अस्सल तांब्याची वायर असती तरी त्या उन्हात ती हद्दीवरच राहिली असती. ते कसे, ते पुढे येईल.

पहिली पारख छापाची. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरोकडे आले, तरी शिक्का अजून जुन्या नावानेच, आय.एस.आय. म्हणून ओळखला जातो. घरगुती व छोट्या कारखान्यातील पी.व्ही.सी. वायरीसाठी आय.एस. ६९४ हे मानक आहे आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून या वायरीवर शिक्का सक्तीचा आहे. जाड, जमिनीतून किंवा ट्रेवरून न्यायच्या पी.व्ही.सी. केबलसाठी आय.एस. १५५४, एक्स.एल.पी.ई. केबलसाठी आय.एस. ७०९८, आणि आतल्या धातूसाठी आय.एस. ८१३०. शिक्क्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सी.एम./एल. या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसते शिक्क्याचे चित्र काढणे कोणालाही जमते, त्यामुळे तो क्रमांक महत्त्वाचा. ब्युरोचे "बी.आय.एस. केअर" नावाचे ॲप मोबाईलवर विनामूल्य मिळते. त्यात क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की संपला, हे दिसते. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत होणारे काम आहे. विक्रेता रागावला तर समजावे काय समजायचे ते. शंका असल्यास नागपूरला ब्युरोचे शाखा कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

खोक्यावरच्या छापापेक्षा वायरीवरचा छाप पाहावा. बनवणाऱ्याचे नाव, मानक, मापाचा चौरस मिलिमीटर, आवरणाचा प्रकार हे सर्व वायरीच्या अंगावर ठरावीक अंतराने यायला हवे. बऱ्याच कंपन्या प्रत्येक मीटरला आकडाही छापतात. नव्वद मीटरचे बंडल ऐंशीत संपण्याचे प्रकार त्यामुळे लगेच उघडे पडतात.

दुसरी पारख आम्हा कापडवाल्यांच्या अंगवळणी पडलेली, वजनाची. तांब्याची घनता ठरलेली आहे. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या नव्वद मीटर तारेत हिशेबाने दोन किलो तांबे बसते. मानक वजन मोजत नाही, तारेचा विरोध मोजते, त्यामुळे उत्तम शुद्धतेचे तांबे वापरणारी चांगली कंपनी किंचित कमी तांब्यातही मानकात बसते. म्हणून पावणेदोन ते दोन किलो तांबे, वर आवरणाचे वजन वेगळे, असा अंदाज धरावा. मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बंडलात धातूचे वजन याच्या निम्म्याहूनही कमी भरते. हातात बंडल घेतले की फरक कळतो. एक वीत तुकडा मागून घ्यावा आणि तारेच्या टोकावर ब्लेड घासावे. तांबे आतपर्यंत तांबडेच राहते.

विरोधाची चाचणी सर्वांत पक्की. २.५ ची लवचीक तांब्याची वायर असेल तर २० अंश तापमानाला एक किलोमीटरला ७.९८ ओहमपेक्षा जास्त विरोध चालत नाही. ४ ची असेल तर ४.९५, ६ ची असेल तर ३.३०. मोठी खरेदी करणाऱ्याने विक्रेत्याकडून कंपनीचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि हे आकडे त्यात आहेत का पाहावे. मुंबईला लोहार चाळीत, दिल्लीला भगीरथ पॅलेसमध्ये किंवा हैदराबादच्या ट्रूप बाजारात घाऊक माल घेणारे जुने व्यापारी हे प्रमाणपत्र सहज मागतात. आपणच संकोच करतो.

आता मापाकडे येतो. मोटारवाल्याला विचारले की तो म्हणतो, "अडीचची टाका, वीस अँपिअर जाते." हा वीसचा आकडा साधारण ४० अंश तापमान आणि एकट्या सर्किटची वायर असे धरून असतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात सावलीत पंचेचाळीस अंश होतात. टिनाखाली, छताला लागून गेलेल्या पट्टीत पन्नासही होतात. पन्नास अंशांना साध्या पी.व्ही.सी. वायरीची क्षमता ०.८२ ने गुणावी लागते, म्हणजे वीसचे सोळा झाले. एकाच पाइपात तीन सर्किट कोंबली असतील तर आणखी ०.७ ने गुणायचे. आता उरले साडेअकरा. माझ्या शेडमध्ये वीसचा भार या साडेअकराच्या जागेतून जात होता, तोही खोट्या वायरीतून. नंतर मी भार तीन सर्किटांत वाटला, इस्त्रीला वेगळी ४ ची वायर ओढली आणि पाइप छतापासून हात दीड हात खाली आणला. वायर जाड घेण्याइतकाच गारव्यातून नेण्याचाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कळले.

अंतराचा हिशेबही वेगळा. जिनिंगच्या आवारात मीटरच्या खोलीपासून यंत्र शंभर मीटर दूर असणे नेहमीचे आहे. १० हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार पूर्ण भाराला सुमारे १४ अँपिअर घेते. २.५ च्या तांब्याच्या केबलला १४ जड नाही, असे वाटते. पण शंभर मीटरमध्ये पंधरा ते अठरा व्होल्ट वाटेतच पडतात. मोटार सुरू होताना करंट पाच-सहा पट होतो, तेव्हा घसरण त्याहून पुष्कळ जास्त. त्यात संध्याकाळी लाइनचाच दाब कमी असला की मोटार उठत नाही, गुरगुरते, तापते. दाब दहा टक्के उतरला तर मोटारीचा जोर जवळजवळ एकोणीस टक्के उतरतो. याच ठिकाणी ६ ची केबल टाकली तर घसरण सात व्होल्टच्या आसपास राहते. मोटार वारंवार जळते म्हणून रिवाइंडिंगवाल्याला दोष देणाऱ्यांनी एकदा केबलची लांबी मोजून पाहावी.

तांबे की ॲल्युमिनियम, हा प्रश्नही विचारला जातो. ॲल्युमिनियम वाईट नाही. खांबापासून मीटरपर्यंत आणि मोठ्या मोटारींसाठी जाड ॲल्युमिनियम केबल मानकात बसते आणि स्वस्त पडते. १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा विरोध १० च्या तांब्याच्या जवळपास येतो, एवढे लक्षात ठेवून माप वाढवावे. धोका जोडात आहे. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली तर तो जोड गंजतो, सैल होतो, तापतो. दोन धातूंसाठी वेगळे लग मिळतात, तेच वापरावेत. आणि ॲल्युमिनियम ॲल्युमिनियम म्हणून विकत घ्यावे, तांब्याच्या भावाने नव्हे.

जाड केबलवरची अक्षरे वाचायला शिकणे अवघड नाही. सुरुवातीला "ए" असेल तर आत ॲल्युमिनियम, नसेल तर तांबे. "वाय" म्हणजे पी.व्ही.सी., "टू-एक्स" म्हणजे एक्स.एल.पी.ई., "डब्ल्यू" म्हणजे पोलादी गोल तारांचे चिलखत, "एफ" म्हणजे चपट्या पट्ट्यांचे. म्हणजे "ए-टू-एक्स-एफ-वाय" लिहिले असेल तर ॲल्युमिनियम, वर एक्स.एल.पी.ई., त्यावर पट्टीचे चिलखत आणि बाहेर पी.व्ही.सी. सरकीच्या गोदामात, धान्याच्या गिरणीत उंदीर फार. जमिनीतून व भिंतीलगत चिलखती केबल घेतली तर उंदराचा आणि कुदळीचा, दोघांचाही बंदोबस्त होतो. हे चिलखत दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये पक्के बसवून अर्थ केलेले असावे. पुष्कळ ठिकाणी ते मागे सोलून मोकळे लोंबत ठेवलेले मी पाहिले आहे.

"एफ.आर." आणि "एफ.आर.एल.एस." या अक्षरांवर भाव बराच बदलतो. एफ.आर. म्हणजे आवरण सहजासहजी पेट घेत नाही व ज्योत पुढे नेत नाही. एल.एस. म्हणजे पेटले तरी धूर आणि आम्लवायू कमी. साधे पी.व्ही.सी. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. बंद खोलीत ज्वाळेच्या आधी हा धूरच माणसाला गाठतो. वर झोपण्याची खोली आणि खाली कारखाना असेल, किंवा एकच जिना असेल, तिथे एफ.आर.एल.एस.वर जास्तीचे पैसे घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या आवारातील पंपाला ती चैन नको.

यंत्राच्या अंगावरची वायर हा वेगळाच विषय. पिंजणाचे यंत्र हादरते, शिलाई मशीनची मान हलते, आरा मशीनची गाडी पुढेमागे जाते. अशा हलत्या भागांना भिंतीतली जाड एकेरी तार चालत नाही, वारंवार वाकून ती आतून तुटते. तिथे बारीक तारांची लवचीक केबल लागते, जिला मानकात वर्ग ५ म्हणतात. शिवाय तेल, ग्रीस जिथे गळते तिथे साधे आवरण फुगते. रबरासारख्या आवरणाच्या केबलसाठी आय.एस. ९९६८ आहे. विक्रेत्याला "यंत्राला हलती केबल हवी, तेलाजवळ आहे" एवढे सांगितले तरी योग्य माल निघतो.

परदेशी बनावटीच्या किंवा सुरतेहून वापरलेल्या आणलेल्या भरतकामाच्या व विणकामाच्या यंत्रांत रंगांचा फार मोठा धोका आहे. ही यंत्रे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आय.ई.सी. ६०२०४ प्रमाणे, वायरिंग केलेली असतात. त्यात यंत्राच्या आत मुख्य विजेची, म्हणजे फेजची वायर काळी असते, नियंत्रणाची लाल, डी.सी. नियंत्रणाची निळी, न्यूट्रल फिका निळा. आपल्याकडे फेज लाल, पिवळा, निळा आणि काळा म्हणजे न्यूट्रल. म्हणजे आपला वायरमन ज्या काळ्या वायरीला न्यूट्रल समजून बिनधास्त हात लावतो, त्या यंत्रात तीच जिवंत असते! हिरवी-पिवळी पट्टी मात्र दोन्हीकडे अर्थच. अशा यंत्रासोबत आलेला नकाशा फेकून देऊ नये, आणि पहिल्यांदा उघडताना रंगावर न जाता टेस्टरने पाहावे.

वायर चांगली घेऊन एम.सी.बी. चुकीचा बसवला तर सर्व पैसे पाण्यात. एम.सी.बी. वायरीचे रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या उरलेल्या क्षमतेपेक्षा मोठा असता कामा नये. "सारखा पडतो" म्हणून सोळाचा काढून बत्तीसचा लावणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे. मोटार सुरू होतानाच्या धक्क्याने पडत असेल तर मोटारीसाठीचा प्रकार घ्यावा, आकडा वाढवू नये. माणसाला धक्का बसू नये यासाठी ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. वेगळे लागते. अर्थची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत फेजच्याच मापाची असावी. ती बारीक टाकून वाचवलेले पैसे चहालाही पुरत नाहीत.

कायद्याच्या बाजूने सांगायचे तर १९५६ चे भारतीय विद्युत नियम आता राहिलेले नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने झाले. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे, ही अट जुन्या नियमांतही होती आणि नव्यांतही आहे. आपल्या नात्यातला होतकरू मुलगा हुशार असेल, पण परवाना नसेल तर त्याला परवानाधारकाच्या हाताखाली लावावे. त्याला परवाना काढायला मदत केली तर घरात एक धंदाही उभा राहतो.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून मेगरची चाचणी समोर करून घ्यावी. ५०० व्होल्टचा मेगर वायर आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट लावून किमान १ मेगोहम यायला हवा. नव्या वायरीत याहून कितीतरी जास्त येतो. आकडा व तारीख कागदावर लिहून घ्यावी. केबलचे पक्के बिल, त्यावर कंपनी, माप व मानक क्रमांक, चाचणीचा कागद आणि ठेकेदाराच्या परवान्याची नक्कल एका फाइलीत ठेवावी. आगीनंतर विम्याचा सर्व्हेअर हीच फाइल मागतो, आणि कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या वायरीबद्दल त्याला दाखवायला आपल्याकडे काही नसते.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. त्याआधीचे महिने, यंत्रे थंड असताना, या कामासाठी बरे. सर्व जोड उघडून स्क्रू आवळावेत, बोर्डातली रुई मेन बंद करून ब्रशने काढावी, टेप गुंडाळलेले पिळ्याचे जोड कापून तिथे पेटीतला टर्मिनल बसवावा. ज्या वायरीचे आवरण वाकवल्यावर तडकते ती त्याच दिवशी बदलावी. आणि रात्री शेडला कुलूप लावताना मेन स्विच खाली आहे ना, हे ज्याच्या हातात किल्ली आहे त्यानेच पाहावे.